राखणदार आजोबांसाठी लावलेला सिनेमा

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरे वाटणार नाही. न वाटू दे. या दुकानात तुम्ही रक्त म्हणून जे पिता ते लाल अंबाडीचे सरबत आहे, ते तुम्हाला खरे वाटते. मग माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत तर मला त्यात अपमान वाटायचा नाही.

मित्रांनो, आधी कुणीतरी माझ्या अंगावरचा हा कापूस काढा. पाकोनने, म्हणजे या कॉफीच्या दुकानाच्या मालकाने, कोळ्याचे जाळे म्हणून तो परवा पाकीट फोडून माझ्यावर पसरला. बेचाळीस वर्षे मी एका घराखाली कोंबड्यांच्या शेजारी पडून होतो. तेव्हा माझ्यावर अस्सल जाळी होती, फुकटची होती, आत कोळीसुद्धा होते. मला विकत आणल्यावर पाकोनने पहिल्या दिवशी ती सगळी पुसली. आता ऑक्टोबर आला म्हणून दुकानातून नवी आणली. डोक्यावर नारिंगी प्लॅस्टिकचा भोपळा ठेवला, त्याला डोळे पाडले, आत दिवा लावला. भोपळा नारळाच्या दुधात शिजवून खायची वस्तू आहे. त्याने माझ्या डोक्यावर बसून हसायचे काही कारण नाही.

आणि तुम्ही रबराचे सुळे लावून येता, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढता, 'किती भीती वाटली' म्हणता आणि केक खाता. अरे, भीती काय असते हे मला विचारा. वीस वर्षे मी भुते दाखवली आहेत. मून नदीच्या दोन्ही काठांवर असे एक गाव नाही जिथल्या माणसांनी माझ्या उजेडात अंथरूण ओले केले नाही. त्यातले एक गाव मी अजून विसरलेलो नाही, आणि त्या गावाचा राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही. तोच तुम्हाला सांगणार आहे. सुळे काढा आणि ऐका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. अंग पोलादाचे, रंग हिरवट, एक डोळा, दोन हात. एका हातातून फिल्म द्यायची, दुसऱ्या हाताने घ्यायची, एवढेच आयुष्य. जहाजातून आलो, बँकॉकमध्ये चार वर्षे एका शाळेत दातांची निगा शिकवली, आणि मग मला खाम्पुनने विकत घेतले. खाम्पुन हा औषधवाला. त्याच्याकडे एक निळा ट्रक होता, एक जनरेटर, दोन बांबू, एक पांढरे कापड, जंताच्या गोळ्यांची खोकी आणि सोमजित नावाची बायको. या सगळ्यात चांगली वस्तू मी, असे तो म्हणे. सोमजितचे मत वेगळे होते.

आमचा धंदा असा. गावात शिरायचे, कापड ताणायचे, भुताचा सिनेमा फुकट दाखवायचा. फुकट म्हणजे काय, ते लोकांना अर्ध्या वाटेत कळे. पडद्यावर झोपडीत एकटी बाई, बाहेर वारा, दार हळूच किलकिले होते, फटीतून पाच काळी बोटे आत येतात, आणि इथे खाम्पुन मला बंद करी. पिवळा दिवा लावी, खोक्यावर चढे आणि म्हणे, मंडळी, पोटात गोळा आला ना? तो भीतीचा नव्हे, जंतांचा आहे. लोक त्याला शिव्या देत आणि गोळ्या घेत. पुरेशी खोकी रिकामी झाल्याशिवाय बोटांच्या मागचे भूत आत येत नसे. एका गावात तर लोकांनी इतक्या शिव्या दिल्या आणि इतक्या गोळ्या घेतल्या, की दुसऱ्या दिवशी नदीतले मासेसुद्धा जंतमुक्त होते. बघा, हेसुद्धा तुम्हाला खरे वाटत नाही. मग पुढचे ऐका. एकदा माझा पट्टा तुटला. दुसरा नव्हता. खाम्पुनने भातखाचरातला हातभर साप धरला, त्याची शेपटी त्याच्याच तोंडात दिली आणि चाकांवर चढवला. दोन रिळे मी सापावर चाललो. सिनेमा संपल्यावर साप उतरून आपल्या वाटेने गेला. सिनेमा सापाचाच होता, त्यामुळे त्याचीही काही तक्रार नव्हती.

पण या सगळ्याचा जीव सोमजितच्या घशात होता. तेव्हाच्या आमच्या फिल्मना आवाज नसे. चित्र मी दाखवायचे आणि बोलायचे सोमजितने. माझ्या शेजारी खोक्यावर बसून, पुढे कागद, हातात माईक. नायक तीच, नायिका तीच, म्हातारा, कुत्रे, करकरणारे दार, सगळे तीच. पडद्यावर दहाजणांचे भांडण लागले तर दहाही जणांच्या वतीने ती एकटी भांडे. आणि सिनेमा लोकांना परका वाटू नये म्हणून ती त्यात गाव मिसळी. दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर कच्च्या पपईचे झणझणीत कालवण खात बसायची आणि गावातल्या खोड्या गोळा करायची. रात्री पडद्यावरच्या चिक्कू सावकाराला त्याच गावच्या वाण्याचे नाव मिळे. भुताला बघून पळणाऱ्या शिपायाला तिथल्याच शिपायाचे. लोक लोळून हसत. आमच्याकडचे सगळेच बोलणारे असे करत, पण सोमजितइतके नेमके कुणालाच जमत नसे. कागदावर नसलेले बोलण्यात तिचे नाव होते. मला तेव्हा तिचा फार अभिमान होता. आज राग आहे.

एका वर्षी आमच्याकडे पोबचा सिनेमा आला. पोब म्हणजे माणसाच्या अंगात शिरून बसणारे भूत. रात्री ते शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजे खाते. दिवसा मात्र ज्याच्या अंगात ते आहे तो माणूस तुमच्याआमच्यासारखा भात खातो, कपडे वाळत घालतो. तुमचे सुळेवाले भूत निदान ओळखू येते. पोब ओळखू येत नाही, म्हणून लोक त्याला शोधतात, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच.

सिनेमाची गोष्ट साधी होती. गावाबाहेर एक गरीब मुलगी. एक पोट सुटलेला जमीनदार. गावात माणसे मरतात, मुलीवर संशय जातो, मांत्रिक येऊन तिला वेताने झोडतो, आणि तिच्या तोंडातून पोब बाहेर पडतो. खाम्पुनची जागा ठरलेली. मांत्रिकाचा वेत हवेत गेला की मी बंद, गोळ्या सुरू.

हा सिनेमा घेऊन आम्ही दोंगकेम नावाच्या गावी गेलो. त्यात मधे एक लांबलचक चित्र होते. ती मुलगी चुलीपाशी एकटी बसून चिकट भात खाते. बस, एवढेच. दोन मिनिटे ती खाते, आणि कागदावर त्या जागी एक अक्षर नाही. नटी डावखुरी होती, डाव्या हाताने खात होती. सोमजितला शांतता सहन होत नसे. शांतता झाली की लोक उठून भाजलेले सुके माकूळ मासे आणायला जातात आणि परत येताना औषधांच्या खोक्यांपासून लांब बसतात. म्हणून तिने मनाचे घातले.

"बघा, डाव्या हातानं खातेय," ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली. "पोब लागलेल्या बाईची खूण आहे ही. डावा हात आणि खाली नजर. दोंगकेममध्ये आहे का कुणी अशी? असली तर आपापली काळजं झाकून बसा बाबांनो."

गाव खदाखदा हसले. त्या रात्री गोळ्यांची सगळी खोकी संपली. सकाळी आम्ही ट्रकमध्ये बसून निघून गेलो. आम्हाला काय, आम्ही रोज नव्या गावात.

आठ महिन्यांनी खाम्पुनच्या अंगणात तो मला तेल घालत होता आणि सोमजित मिरच्या कुटत होती, तेव्हा एक बाई आली. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल. दोन दिवस चालून आली होती. नाव सांगितले फेंगसी, गाव दोंगकेम. पाणी दिले, घेतले नाही.

"ताई, त्या सिनेमात डाव्या हाताचं लिहिलेलं होतं का?" तिने विचारले.

सोमजित हसली. "अगं, ते मी आपलं मनचं घातलं. मधे जागा रिकामी होती. हसले की लोक."

"हसले," फेंगसी म्हणाली. "मीपण हसले. माझी चानफेन माझ्या शेजारी बसून डाव्या हातानं भात खात होती. तीपण हसली."

सोमजितचा मुसळ धरलेला हात वरच राहिला.

मग फेंगसीने सांगितले ते असे. आम्ही गेल्यावर तीन महिन्यांत गावातले दोन धडधाकट गडी झोपेत गेले. रात्री जेवून निजले, सकाळी उठले नाहीत. त्यांच्यासाठी गावाने रडून घेतले, भिक्षूंना जेवू घातले, विषय संपला. मग मुखियाचा रेडा मेला. माणसे मेली तेव्हा ज्यांना दुःख झाले त्यांना रेडा मेल्यावर संशय आला. मुखिया थोंगदी याने चावडीवर विचारले, सिनेमात खूण काय सांगितली होती? शंभर तोंडांनी उत्तर दिले. सतरा वर्षांची चानफेन, बापाविना वाढलेली, डावखुरी, लाजरी म्हणून खाली बघून चालणारी. झाले. ती विहिरीवर दिसली की बायका दोर काढून घेऊन जात. तिने विणलेल्या टोपल्या कुणी विकत घेईना. रात्री घरावर दगड. तिने उजव्या हाताने खायला सुरुवात केली, तर म्हणाले, बघा, लपवतेय. आणि आता थोंगदीने मुदत घातली होती. पितरांच्या महिन्याची पौर्णिमा जवळ आलेली. त्या दिवशी केळीच्या पानात भात बांधून झाडांच्या बुंध्याशी मेलेल्यांसाठी ठेवायचा, आणि दुसऱ्या सकाळी मायलेकींनी गाव सोडायचे. घर तिथेच, शेत तिथेच.

मित्रांनो, हे ऐकताना माझ्या अंगातले तेल उकळले. भुते दाखवायला मी होतो. पडद्यावरचे भूत पडद्यावरच ठेवायचे, हा साधा नियम. या लोकांनी ते कापडावरून सोलून काढले, घरी नेले आणि एका पोरीच्या तोंडावर चिकटवले. आणि ते दिसले कुणाच्या उजेडात? माझ्या.

सोमजित म्हणाली, मी येते, गावात उभी राहते, सांगते की मी खोटं बोलले. फेंगसीने मान हलवली. "तू आलीस तर म्हणतील, हिलाही लागली. पडद्यावरची बाई बोलली ते त्यांना खरं. तू कोण?"

सोमजितने मुसळ खाली ठेवले. मग म्हणाली, "बरं. मग पडद्यावरचीच बाई बोलेल."

आमच्या गावांमध्ये एक रीत आहे. गावाच्या कडेला देवराई असते, तिच्यात राखणदार आजोबांचे लाकडी ठाणे असते. आजोबांना कुणी कोंबडी वाहते, कुणी तांदळाची दारू, आणि ज्याला परवडेल तो सिनेमा वाहतो. पहिल्या रांगेत रिकाम्या खुर्च्या मांडायच्या, त्या आजोबांच्या आणि त्यांच्या मंडळींच्या. जिवंत माणसांनी मागे चटईवर बसायचे. आजोबांसाठी लावलेल्या सिनेमाला मुखियाही नाही म्हणू शकत नाही. आणि एक नियम असा, की आजोबांपुढे सुरू झालेला सिनेमा मधे थांबवायचा नाही. पाऊस आला तरी नाही, कुणी मेले तरी नाही. थांबला तर आजोबांनी तोंड फिरवले असे समजतात.

सोमजितचा बेत इतकाच होता. तोच सिनेमा, तीच चित्रे, बोलणे मात्र नवे. खाम्पुन आढेवेढे घेऊ लागला. पोबच्या गावात कोण जाणार? गेलोच तर औषधे तरी विकू. सोमजित म्हणाली, एक पाकीट काढायचं नाही.

"एकही नाही?"

"आजोबांना जंत होत नाहीत," ती म्हणाली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही दोंगकेमच्या देवराईपाशी कापड ताणले. पुढे पाच खुर्च्या, त्यांच्यासमोर उकडलेली कोंबडी, दारूची बाटली, विडा, पेटवून ठेवलेल्या सिगारेटी. आणि लोक आले. का नाही येणार? फुकटचा सिनेमा. ज्यांनी दगड मारले होते ते त्याच हातांनी माकूळ फाडून खात बसले. थोंगदी सगळ्यात पुढच्या चटईवर, मांडीवर नातू. सगळ्यात मागे फेंगसी आणि चानफेन. त्यांच्या चटईभोवती तीन चटयांची जागा मोकळी. गर्दीत माणसे एकमेकांच्या मांडीवर बसली होती, पण ती जागा कुणी घेतली नाही.

मी सुरू झालो. सोमजितने पहिल्याच चित्रापासून गोष्ट फिरवली. मागच्या वेळी जमीनदार मुलीकडे संशयाने बघत होता, आता तो तिच्या शेताच्या बांधाकडे बघू लागला. "ही पोर गेली की हा तुकडा माझा," सोमजितने त्याला घोगरा आवाज दिला. चित्र तेच, पण आता त्याच्या डोळ्यांत दुसरेच काही दिसायला लागले. मला स्वतःला दिसले, आणि तो सिनेमा मी चारशे वेळा पाहिला होता. चुलीपाशी मुलगी जेवते ते चित्र आले. सोमजित एक शब्द बोलली नाही. दोन मिनिटे ती मुलगी भात खात राहिली, आणि ज्या गावाने त्या चित्राला हसून दाद दिली होती ते गाव चूप बसून एका भुकेल्या मुलीला जेवताना बघत राहिले. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, तिला भाजी तरी द्या कुणी. जमत होते, मित्रांनो. सगळे जमत आले होते.

मग मांत्रिक आला. त्याने वेत उचलला. वेत हवेत गेला, आणि खाम्पुनने मला बंद केले.

त्याच्या मनात काही नव्हते. बारा वर्षे भीतीच्या ऐन जागेवर त्याचा हात माझ्या खटक्यावर पडत आला होता. हाताला आजोबा बिजोबा काही कळले नाही. पिवळा दिवा लागला, तो खोक्यावर चढला, म्हणाला, "मंडळी, पोटात गोळा आला ना?" आणि मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. समोर पाच रिकाम्या खुर्च्या.

थोंगदीने नातवाला मांडीवरून उतरवले आणि तो शांतपणे उठला. "आजोबांनी सिनेमा थांबवला," तो म्हणाला. "याहून मोठा कौल कुठला हवा? सकाळपर्यंत तरी कशाला थांबायचं."

सगळी तोंडे मागच्या चटईकडे वळली. मी त्या माणसांना ओळखत होतो. कुणाला पोटदुखीवर गोळ्या दिल्या होत्या, कुणाची पोरे माझ्या पायांशी झोपली होती. आता ती माणसे हळूहळू उठत होती आणि उठताना अंधारात जमिनीवर हात फिरवून दगड चाचपत होती. खाम्पुन खोक्यावरून कोसळल्यासारखा उतरला आणि माझ्या खटक्याशी झोंबू लागला. माझा दिवा तापलेला. तापलेला दिवा लगेच पेटवला तर फुटतो, आणि आमच्याकडे दुसरा नव्हता. त्याने पेटवला. मी फुटलो नाही. त्या रात्री मला शाबूत ठेवले ते जपानी कारागिराने नव्हे, माझ्या रागाने.

पडद्यावर वेत खाली आला. मुलीचे ओठ हलू लागले. पण आवाज नाही. सोमजित माईक तोंडाशी धरून कागद उलटेपालटे करत होती. ती कागदावर नसलेले बोलणारी बाई, तिला कागदावरचे एक अक्षर वाचता येईना. नुसती माझी खरखर. पडद्यावरची मुलगी मुकेपणी मार खात होती, आणि लोक उभे होते.

तेव्हा चानफेन मागून चालत आली. लोक बाजूला झाले, तिचा स्पर्श नको म्हणून, त्यामुळे वाट सरळ मिळाली. तिने सोमजितच्या हातातून माईक घेतला आणि पडद्याकडे बघत, ओठ हलतील तसे बोलू लागली. आवाज बारीक होता. माईक कसा धरायचा ते माहीत नव्हते.

"मी कुणाचं काळीज खाल्लं नाही. भात खाल्ला. आईनं दिला तो," ती म्हणाली. "मेलेल्यांसाठी तुम्ही झाडाखाली भात ठेवता. मी जिवंत आहे, तर विहिरीचा दोर काढून नेता."

पडद्यावर मुलगी खाली पडली आणि मांत्रिकाचे ओठ हलले. चानफेनने त्यालाही आवाज दिला, आपलाच, बारीक. "मला बोलावलं म्हणून मी मारतोय. कुणी बोलावलं ते आता आठवत नाही."

मित्रांनो, मी नामांकित घसे ऐकले आहेत. असे बोलणे मी त्याआधी ऐकले नाही आणि त्यानंतरही नाही. हळूहळू लोक खाली बसले.

आणि मग जे झाले ते नीट ऐका. शेवटचे चित्र संपले, पडदा पांढरा झाला, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची करकरली. आजोबा उठले. पांढरी दाढी, अंगावर चौकटीचा पंचा, तोंडात विडा. त्यांनी थोंगदीचा कान धरला आणि त्याला गर्रकन फिरवून म्हणाले, माझ्या नावावर परत कौल लावलास तर तुझे उरलेले रेडेही मीच खाईन. थोंगदी रडत रडत चानफेनच्या पाया पडला. मग सगळे गाव पडले. जागाच पुरेना, तेव्हा काहीजण उरकून गेल्यावर बाकीचे पडले. त्याच रात्री विहिरीला नवा रेशमी दोर बांधला. सकाळी फेंगसीच्या दारापुढे तांदळाच्या इतक्या टोपल्या जमल्या की घर दिसेना. आजोबा जाताना खाम्पुनकडून जंताच्या गोळ्यांची दोन पाकिटे घेऊन गेले. पुढे थोंगदीला काढून गावाने चानफेनलाच मुखिया केले.

सोमजित त्यानंतर पोबचा सिनेमा कधी बोलली नाही. का, ते मला विचारू नका. मग घरोघर टीव्ही आले, ट्रक विकला, मी कोंबड्यांकडे गेलो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा माझे एवढेच सांगणे आहे. यंत्राला वेळेवर तेल घाला. तापलेला दिवा निवू द्या. माझ्यावरचा हा कापूस काढा. आणि उद्या तुमच्या हातात माईक आला, समोर अंधार असला, अंधारात शंभर माणसे तुम्ही काय बोलता म्हणून कान लावून बसली असली, आणि मधे जागा रिकामी असली, तर ती रिकामी राहू द्या. बाकी काळजी करू नका. शेवटी खऱ्याचेच चालते, गाव शहाणे होते, आणि म्हणूनच चानफेन दोंगकेममध्ये आपल्या घरात सुखाने नांदली आणि...

"खोटं आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. तिथे एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. नातवाच्या तोंडात रबराचे सुळे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याशीच बोलत होती, आवाज न चढवता, पण सगळे दुकान ऐकत होते.

"पाया कुणी पडलं नाही. सिनेमा संपला, टाळ्या वाजवल्या, चटया गुंडाळल्या. मी छान बोलले असं दोघी-तिघींनी लांबून सांगितलंसुद्धा. आमचं घर दीड पुरुष उंच खांबांवर होतं. पहाटे उठून बघतो तर शिडी कुणीतरी काढून नेलेली, म्हणजे उतरलो की परत वर चढायचं नाही. मग आईनं आधी भाताची टोपली खाली टाकली, मग मला उडी मारायला सांगितली, आणि मग तिनं मारली."